मस्करम, मृग आणि मोहरम

मालेगावचे लूम शुक्रवारी बंद असतात. ते चालताना बघायचे तर गुरुवारी गाव गाठायला हवं, म्हणून आम्ही ११ सप्टेंबर २०२५ ला, गुरुवारी, दुपारच्या आत आग्रा रोडवर उतरलो. बरोबर पुण्यात कापडाचं तंत्र शिकणारा एक इथिओपियन विद्यार्थी होता. त्याला यंत्रमाग बघायचे होते आणि मला नारोशंकरांचा भुईकोट. मोसम पुलावर रिक्षाची वाट बघताना तो सहज म्हणाला, "सर, आज आमच्याकडे नवं वर्ष लागलं."

"कितवं?"

"दोन हजार अठरा."

आपल्याकडे त्या दिवशी भाद्रपद वद्य चतुर्थी होती, शके १९४७. पितृपक्ष सुरू झालेला, म्हणजे नवं काही करायला कोणी धजत नाही असे दिवस. पुलापलीकडच्या मोहल्ल्यांत रबिलावलची अठरावी होती, हिजरी १४४७. ईद-ए-मिलादच्या पताका अजून उतरल्या नव्हत्या. सरकारी राजपत्राच्या हिशोबाने भाद्र २०. आणि ह्या पोराचा गुढीपाडवा. मोसमच्या एका पुलावर इतकी सालं एकदम उभी असली तरी रिक्षावाल्याला त्याचं काही नव्हतं. त्याने दोन सीटचे पैसे आधी मागितले.

लॉजवर पहिली अडचण आली. परदेशी पाहुणा म्हटल्यावर मॅनेजरने कागद मागितले. पासपोर्टावर जन्मतारीख २१ जानेवारी २०००. सोबत गावाकडच्या शाळेच्या दाखल्याची प्रत होती, तिच्यावर १२-५-१९९२. मॅनेजर दोन्ही कागद शेजारी ठेवून म्हणाला, "भाऊ, हा पंचवीसचा की तेहतीसचा?" दोन्ही कागद खरे होते. पण हे त्याला समजावायचं तर काउंटरवरच इथिओपियाचं पंचांग उघडावं लागणार होतं. मी उघडलं. मागे उभ्या गिऱ्हाइकांची क्षमा मागून.

त्या पंचांगाची रचना आपल्या पंचांगाच्या मानाने फारच सोपी आहे. बारा महिने, प्रत्येक बरोबर तीस दिवसांचा. उरलेल्या पाच दिवसांचा तेरावा महिना, त्याचं नाव पागुमे. दर चौथ्या वर्षी पागुमे सहा दिवसांचा होतो. तिथीची वाढ नाही, क्षय नाही, अधिकमास नाही. वर्षाची सुरुवात मस्करम १ ला, आणि तो आपल्या ११ सप्टेंबरला येतो. तिकडे तोवर पाऊस सरतो, माळावर पिवळी फुलं येतात, मुली ती घेऊन घरोघरी गाणी म्हणत फिरतात. सणाचं नाव एन्कुताताश. हा सांगाडा मूळचा इजिप्तचा. तिथले कॉप्टिक ख्रिस्ती आजही तोच वापरतात, मात्र त्यांच्या वर्षांची मोजणी इसवी सन २८४ पासून.

वर्ष सात-आठने मागे का, हा प्रश्न मॅनेजरनेही विचारला. येशूचा काळ ठरवताना ख्रिस्ती पंडितांत दोन गणितं झाली. युरोपने सहाव्या शतकातल्या डायोनिसियसचं गणित उचललं. इथिओपियाच्या चर्चने त्याच्याही शंभरेक वर्षं आधीच्या अलेक्झांड्रियाच्या ॲनियानसचं धरलं, आणि ते काही वर्षं पुढून सुरू होतं. इसवी सनाची दोन हजार वर्षं जगाने साजरी केली तेव्हा इथिओपियात १९९२ चाललं होतं. त्यांनी आपलं सहस्रक १२ सप्टेंबर २००७ ला, दिवे लावून, थाटात साजरं केलं.

पण "सात-आठ वजा करा" एवढं सांगून भागत नाही. कधी सात आणि कधी आठ? मस्करम १ पासून ३१ डिसेंबरपर्यंत सात, १ जानेवारीपासून पुढच्या मस्करमपर्यंत आठ. आपण शके काढताना हेच करतो: पाडव्यानंतर ७८ वजा, पाडव्याआधी ७९. कालगणना बदलण्याचं गणित लोकांना अवघड वाटतं ते ह्या वजाबाकीमुळे नव्हे. वजाबाकी चौथीतलं पोर करील. सगळी मेख वर्ष कुठे मोडतं ह्यात असते, आणि आपली तारीख त्या मोडीच्या अलीकडची की पलीकडची ह्यात.

दाखल्यावरचा पाचवा महिना म्हणजे मे नव्हे, टिर. १९९२ चं मस्करम १ मात्र ११ ला नव्हतं, १२ सप्टेंबर १९९९ ला होतं, कारण त्याआधीचं १९९१ हे तिकडचं लीप वर्ष, पागुमे सहा दिवसांचा. १२ सप्टेंबरपासून तीस-तीसचे चार महिने मोजले की १० जानेवारी २००० येते. तो टिरचा पहिला दिवस. बारावा दिवस २१ जानेवारी. पासपोर्ट बरोबर, दाखलाही बरोबर. मॅनेजरने वहीत पासपोर्टची तारीख लिहिली, दाखला परत दिला आणि विचारलं, "मग ह्याच्या गावात आत्ता वाजले किती?"

प्रश्न थट्टेचा होता, पण उत्तर खरंच वेगळं आहे. तिकडे घड्याळ उजाडण्यापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. दुपारचे बारा म्हणजे सहा. संध्याकाळी सहाला बारा वाजतात आणि रात्रीचा एक सातला सुरू होतो. विषुववृत्ताजवळच्या देशात वर्षभर दिवस-रात्र जवळपास सारखी असल्याने हे जमून जातं. पुण्यात आला त्या पहिल्या महिन्यात हा पोरगा "तीन वाजता" भेटायचं ठरवून सकाळी नऊला हजर होत असे.

दुपारी कारखान्यात गेलो. मालेगावच्या विणकरांचे पूर्वज बरेचसे १८५७ नंतरच्या धामधुमीत उत्तरेतून, बनारस-आझमगडच्या बाजूने दक्षिणेकडे आले. तेव्हा हातमाग होते, रंगीत लुगडी निघत. वीज आल्यावर यंत्रमाग आले आणि गल्लीगल्लीत खटाखट सुरू झाली. पत्र्याच्या शेडमध्ये दोन ओळींत लूम, मध्ये माणूस कसाबसा जाईल एवढी वाट, हवेत कापसाचं उडतं पीठ. बोलणं ऐकू येत नाही, सगळे खुणांनी बोलतात. आमच्या विद्यार्थ्याने बीम पाहिलं, धोट्याची फेक पाहिली, तुटलेला धागा कारागीर किती झटकन गाठतो तेही पाहिलं. जुने साधे लूम इतक्या वर्षांनी चालू कसे राहतात, हे त्याने मालकाला तीनदा विचारलं.

मालक सत्तरीतले, सगळे त्यांना चाचा म्हणतात. आवाजाबाहेर, कचेरीत चहा आला तेव्हा बोलणं पुन्हा सालांवर आलं, कारण भिंतीवर दोन कॅलेंडरं होती. एक बँकेचं, दुसरं उर्दू. "बेटा, माझं वय सत्तर लिहिलंय सरकारने," चाचा म्हणाले, "पण चांदच्या हिशोबाने बहात्तर झाली." बरोबर आहे. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं. दर वर्षी अकरा दिवस मागे सरकतं, आणि बत्तीस सौर वर्षांत तेहतीस चांद्र वर्षं बसतात. म्हणून तिथे शक किंवा इथिओपियन सालासारखा एकच ठरावीक आकडा वजा करून चालत नाही. ढोबळ हिशोब असा: हिजरी सालाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवायचे. अचूक तारीख हवी तर कोष्टकच पाहायला हवं, आणि त्यातही एक दिवस इकडेतिकडे होतो, कारण महिना चंद्र प्रत्यक्ष दिसल्यावर लागतो. ढगाळ संध्याकाळी कोणाची साक्ष मानली, ते कुठल्याही कोष्टकात नसतं.

चाचांना ह्याचा व्यवहारही ठाऊक होता. आयकराचं वर्ष एप्रिल ते मार्च, जकातीचं वर्ष चांद्र. संपत्तीवर अडीच टक्के, चांद्र वर्ष भरलं की. "कुणी एप्रिल-मार्च धरून जकात काढली," ते म्हणाले, "तर तेहतीस सालात एका सालाची बुडाली." मुनीम दोन्ही वह्या ठेवतो. मला हा हिशोब पुस्तकातल्या कुठल्याही उदाहरणापेक्षा जास्त पटला. वर्षाच्या लांबीत अकरा दिवसांचा फरक आहे म्हणजे काय, ते पैशात सांगितलं की कोणाच्याही डोक्यात शिरतं.

नेमकी हीच बुड चौदाव्या शतकात दख्खनच्या सत्ताधीशांना लागली होती. फरक एवढाच की तिथे सारा होता. पीक सूर्याच्या वर्षाने येतं आणि वसुलीचं साल चंद्राने चालतं. मग कधीतरी असं साल येतं की ज्यात वसूल करायला पीकच नसतं. तोडगा निघाला तो असा: हिजरीचा चालू आकडा तसाच घ्यायचा आणि तिथून पुढे वर्ष सूर्याचं करायचं. १३४४ मध्ये, तुघलकांच्या काळात, हिजरी ७४५ चा आकडा घेऊन सुहूर सन सुरू झाला. सूर्य मृगात गेला की त्याचं वर्ष लागतं, म्हणून शेतकऱ्यांनी त्याला मृगसाल म्हटलं. शहाजहानने १६३६ मध्ये पुन्हा तेच केलं, हिजरी १०४६ वर. तो दख्खनचा फसली सन. आम्ही गेलो तेव्हा हिजरी १४४७ होतं, फसली १४३५, सुहूर १४२६. तिन्ही एकाच मोजणीतून निघालेली. जी जितकी आधी सूर्याला बांधली ती तितकी मागे राहिली. मला हे कळलं तेव्हा वाटलं, शाळेत शिकवलेल्या सनावळ्यांत एवढी एक गोष्ट कोणी सांगितली असती तर बाकीची पाठ करावी लागली नसती.

शुक्रवारी गाव खरंच शांत झालं. खटाखट थांबल्यावर मालेगावात पक्षी आहेत हे कळतं. नमाजानंतर चौकांत, चहाच्या टपऱ्यांवर आणि सिनेमाच्या पोस्टरांखाली तरुण पोरांची गर्दी. आम्ही सकाळीच किल्ल्याकडे निघालो. मोसमच्या काठचा हा भुईकोट नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४० मध्ये बांधायला घेतला. काम पंचवीस वर्षं चाललं असं सांगतात, आणि त्यासाठी सुरतेकडून व उत्तरेतून कारागीर आले. नाशिकला गोदाकाठच्या ज्या देवळाला त्यांचं नाव आहे, ते हेच नारोशंकर. दगडाचा दुहेरी तट, बाहेर खंदक, आणि आत आता शाळा भरते. बुरुजाची चिरेबंदी बघण्यासारखी आहे. खंदकाची अवस्था बघण्यासारखी नाही, त्यामुळे तिच्याबद्दल इथेच थांबतो.

ह्या किल्ल्याची प्रसिद्धी १८१८ ची. पेशवाईचा डाव संपत आला होता, आणि किल्ल्यात अरब शिबंदी चिवटपणे बसली होती. मेच्या मध्यावर लेफ्टनंट कर्नल मॅकडॉवेलची फौज समोर आली. महिनाअखेरचा हल्ला फसला. पुढे नवी कुमक आली, किल्ल्यातलं दारूचं कोठार उडालं, आणि १३ जूनला वर इंग्रजांचं निशाण लागलं. दुसऱ्या बाजीरावाने माल्कमच्या हवाली होऊन तेव्हा दहा दिवस झाले होते. धनी शरण गेला आणि त्यानंतरही मोसमच्या काठी तोफा चालत राहिल्या.

तटावर बसून विद्यार्थ्याने ही तारीख आपल्या पंचांगात बसवायला घेतली. १३ जून, म्हणजे आठ वजा, १८१०. जूनमध्ये त्यांचा दहावा महिना असतो, सने. आजकाल सने १ हे ८ जूनला येतं, त्यावरून त्याने सहावा दिवस काढला. मी म्हटलं, एक दिवस चुकतोय. त्याला पटेना, कारण त्याच्या मोबाइलमधल्या तक्त्यात मस्करम १ म्हणजे ११ सप्टेंबर असंच होतं. तो तक्ता १९०० ते २०९९ एवढ्यापुरताच खरा. इथिओपियात दर चौथं वर्ष न चुकता लीप असतं. युरोपने मात्र १७००, १८०० आणि १९०० ह्या सालांचा लीप दिवस गाळला, त्यामुळे दोहोंतलं अंतर त्या त्या शतकाला एकेका दिवसाने वाढलं. एकोणिसाव्या शतकात मस्करम १ हे १० सप्टेंबरला येई. तेव्हा किल्ला पडला तो सने ७, १८१० ह्या दिवशी.

आता हाच दिवस मराठी कागदात कसा पडेल? शके १७४०, ज्येष्ठ शुद्ध पक्ष, बहुधान्य नाम संवत्सर. त्या वर्षी रणधुमाळीत धान्य कोणाच्या घरी किती पोचलं देव जाणे, पण नाव बहुधान्य. हा झाला पंचांगाचा भाग. पेशवे दफ्तरातला कारकून मात्र बहुधा असं लिहील: छ ८ साबान, सन तिसा अशर मयातैन व अलफ. छ म्हणजे चंद्र. तिसा नऊ, अशर दहा, मयातैन दोनशे, अलफ हजार: एकूण १२१९, सुहूर सन. त्यात ५९९ मिळवले की १८१८. मृग लागल्यापासून डिसेंबरपर्यंत ५९९, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. मृग त्या काळी ५ जूनच्या सुमारास लागे, आता ७-८ जूनला लागतो. म्हणजे मालेगावचा वेढा पडला तो सुहूर १२१८ मध्ये आणि उठला १२१९ मध्ये. बाजीरावाची शरणागती जुन्या सालाच्या शेवटच्या एक-दोन दिवसांतली.

पण ह्या तारखेत एक गोम आहे, आणि दफ्तर वाचणाऱ्यांना ती चांगली माहीत असते. साल सूर्याचं, महिना आणि दिवस चंद्राचे. ३६५ दिवसांच्या सुहूर वर्षात ३५४ दिवसांचं चांद्र वर्ष बसून वर अकरा दिवस उरतात, म्हणून काही चांद्र तारखा एकाच सालात दोनदा येतात. सुहूर १२१९ मध्ये साबानची आठवी एकदा आली १३ जून १८१८ च्या सुमारास आणि दुसऱ्यांदा २ जून १८१९ च्या सुमारास, मृगाच्या तीनच दिवस आधी. दोन्ही तारखा कागदावर अगदी सारख्याच दिसणार. समजा असं एखादं पत्र हाती आलं, तर ते वेढा उठल्या दिवसाचं की इंग्रजी अंमल वर्षभर रुजल्यानंतरचं? साल-महिना-दिवस तिन्ही वाचूनही सांगता येत नाही. पत्रात वार असला तर सुटतं. १३ जून १८१८ ला शनिवार होता, २ जून १८१९ ला बुधवार. कारकुनाने मंदवार लिहिला असेल तर पहिलं, सौम्यवार असेल तर दुसरं. वार नसेल तर मजकुरातली माणसं आणि प्रसंग चाळत बसायचं. बाळाजी प्रभाकर मोडकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सगळे सन शेजारी शेजारी मांडून जी जंत्री छापली, ती हाताशी असेल तर निदान बोटांवर मोजायचं वाचतं.

विद्यार्थ्याला ह्यात नवल वाटलं नाही. त्यांच्याकडेही तारखेसोबत असाच एक साक्षीदार असतो. प्रत्येक वर्ष चार शुभवर्तमानकारांपैकी एकाच्या नावे: मॅथ्यू, मार्क, लूक, जॉन, पुन्हा मॅथ्यू. सालाला चारने भागायचं. एक उरला तर मॅथ्यू, दोन उरले तर मार्क, तीन उरले तर लूक, आणि लूकचं वर्ष म्हणजे लीप. जुन्या पोथीत आकडा पुसट झाला असेल तर नाव उपयोगी पडतं. २०१८ हे मार्कचं. २०१९ लूकचं, त्याचा पागुमे सहा दिवसांचा, म्हणून २०२७ मध्ये त्यांचं नवं वर्ष १२ सप्टेंबरला लागेल आणि तिथून २९ फेब्रुवारी २०२८ पर्यंत सगळ्या तारखा एक दिवस सरकवून वाचाव्या लागतील.

कॅम्पातल्या एका खानावळीत जेवताना शेजारच्या टेबलावरचे शेतकरी काका ही चर्चा ऐकत होते. ते म्हणाले, आमचं साल तर आखाजीला लागतं. खानदेशात आणि ह्या कसमादे पट्ट्यात सालदाराचा करार अक्षय्य तृतीयेपासून होतो. जुना सालदार त्या दिवशी मोकळा, नवा त्या दिवशी रुजू. व्यापाऱ्याची चोपडी दिवाळीत बदलते, तलाठ्याचं महसुली वर्ष १ ऑगस्टला. काकांनी हे सगळं एका दमात सांगितलं आणि भाकरी मोडली. त्यांच्या खिशात छापील पंचांग नव्हतं. कुठलं साल कुठे मोडतं, हे ज्याचं देणं-घेणं त्यावर अडलेलं असतं त्याला तोंडपाठ असतं.

शनिवारी नांदगाववरून वेरूळकडे निघालो. खुलताबादला मलिक अंबराची कबर आहे आणि विद्यार्थ्याला तिथे जायचंच होतं. इथिओपियात जन्मलेला, चापू नावाचा मुलगा गुलामांच्या बाजारात विकला गेला, बगदादवरून दख्खनेत आला, निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला, खडकी वसवली, मोगलांना पुरून उरला. १६२४ च्या भातवडीच्या लढाईनंतर दोन वर्षांनी, मे १६२६ मध्ये, तो वारला. त्याच्या सरकारातले मराठी कागद सुहूर सनाने चालत. मे म्हणजे मृगाआधी, म्हणून ६०० वजा: सुहूर १०२६. मे म्हणजे मस्करमच्याही आधी, म्हणून आठ वजा: जन्मभूमीच्या पंचांगात १६१८. त्या काळी मस्करम १ हे ८ सप्टेंबरला येई, पण मे महिन्यापुरतं त्याने काही अडत नाही.

मृत्यूचं साल असं दोन्हीकडे चोख बसलं. मग विद्यार्थ्याने जन्मसाल विचारलं. ग्रंथांत १५४८ च्या सुमारास असं असतं. त्यातून सात वजा करायचे की आठ, १५४१ की १५४०, हे ठरवायला महिना लागतो, आणि विकल्या गेलेल्या पोराचा जन्ममहिना कोणी लिहून ठेवलेला नाही.